बंडगुरुजींनी विलायतेत पाहिलेला कागद

आमच्या शाळेत 'बंड' हा शब्द उच्चारायची चोरी होती. इतिहासाच्या पुस्तकात सत्तावन सालावरच्या धड्याचं नाव होतं 'शिपायांचे बंड'. नवी पुस्तकं आली की आमचे इतिहासाचे गुरुजी वर्गातल्या प्रत्येकाचं पुस्तक मागून घेत, त्या शब्दावर काट मारत, वर बारीक अक्षरात 'उठाव' लिहीत आणि पुस्तक परत देत. "बंड लेकरं करतेत, जेवाले बसवलं का," ते म्हणत. "हे लोकं जीव देऊन राह्यले होते." साहजिकच पोरांनी त्यांचं नाव बंडगुरुजी ठेवलं. गुरुजींना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

मी आरमोरीच्या त्या शाळेत गणित शिकवायला लागलो तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. त्यांचा दुसरा ठरलेला बोल म्हणजे, "हे तुले कोणी सांगतलं?" शिपाई हेडमास्तरांचा निरोप घेऊन आला तरी त्याला आधी हेच उत्तर द्यावं लागे. घरी त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, एकदा बाजारातली वांगी आजचीच आहेत म्हणून सांगितलं, तर हे पिशवी घेऊन बाजारात चौकशीला निघाले. ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट एका ओळीत लिहायची नाही, असा त्यांचा दंडक होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते घरी सापडत नसत. त्या उठावात आपल्या जंगलातले गोंडही उतरले होते, त्यातल्या कितीकांना पकडून नेलं, फाशी दिलं. पण पुस्तकात त्याची ओळसुद्धा नव्हती. म्हणून आलापल्लीपर्यंत बसने, पुढे बैलगाडीने, त्यापुढे पायी, असं हिंडून गुरुजी म्हाताऱ्या माणसांना आठवणी विचारत आणि वह्या भरत. एका मे महिन्यात मीही त्यांच्याबरोबर गेलो. सूरजागडच्या डोंगराखालच्या एका गावात त्यांनी मला जैनीबाईकडे नेलं.

जैनीबाई सत्तरीच्या पुढची. मराठी तिला कळायची, बोलायची अडखळत. तिचा आजा रैनू. त्याला गोऱ्या साहेबाच्या शिपायांनी दोर बांधून नेलं तेव्हा तिचा बाप रांगत होता. रैनू परत आला नाही, आणि मेला असंही कुणी येऊन सांगितलं नाही. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. रैनूचा दगड नव्हता. जिवंत असला तर त्याचा दगड कसा रोवायचा, म्हणून बाप थांबला, आणि थांबता थांबता तोच गेला. बापाचा दगड उभा राहिला, आज्याची जागा मोकळीच.

गुरुजींनी यावर एक लेख लिहिला, तो नागपूरच्या एका प्राध्यापकांच्या वाचनात आला. उठावाला शंभर वर्षं व्हायला आली होती. त्याच्या वारशावर लंडनमध्ये विद्वानांची परिषद भरणार होती, आणि प्राध्यापकांनी खटपट करून गुरुजींना तिथलं बोलावणं मिळवून दिलं. आमच्या गावातून विलायतेला कुणी गेलेलं नव्हतं. निबंध गुरुजींचा, त्याचं इंग्रजी माझं. वहिनींनी वडशाच्या शिंप्याकडून लोकरीचा बंद गळ्याचा कोट शिवून घेतला. निघण्याआधी गुरुजी मुद्दाम जैनीबाईला भेटून आले. ती एवढंच म्हणाली होती, "तुमी त्याहीच्या घरी जाऊन राह्यले. त्याही लोकायनं लिहून ठेवलं असन. रैनूले कुठी नेलं ते पाहून या."

वडशाच्या स्टेशनावर सगळी शाळा त्यांना पोचवायला आली होती. दोनेक महिन्यांनी ते परत आले तेव्हा मी एकटाच आणायला गेलो, कारण त्यांनी कुणालाच कळवू नका असं लिहिलं होतं.

तिथं काय झालं ते त्यांनी मला थोडंथोडं करून सांगितलं. परिषदेत त्यांची पाळी शेवटच्या दिवशी दुपारी आली, निम्मे लोक चहाला उठून गेल्यावर. त्यांनी निबंध वाचला. मग एका वृद्ध प्राध्यापकानं अगदी सौम्यपणे विचारलं, की याला लेखी आधार कोणता? गुरुजींनी जैनीबाईचं नाव सांगितलं. प्राध्यापक हसले, आठवणी फार सुंदर आहेत म्हणाले, आणि अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

"भाऊ, तो तं माझाच प्रश्न होता," गुरुजी म्हणाले. "त्याच्यावर राग तरी कसा धरू?"

जहाज सुटायला दोन दिवस होते. ते दोन्ही दिवस त्यांनी तिथल्या दप्तरखान्यात काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या मुलखातल्या एका साहेबाचं पत्र हाती लागलं. पुढाऱ्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिल्याचं लिहिलं होतं, त्यांची नावं होती, आणि नावांच्या शेवटी होतं, 'आणि इतर'. रैनू त्या इतरांत असेल, नसेलही. रखवालदार दिवे मालवायला आला तोवर ते त्या दोन शब्दांकडे बघत बसले होते.

पावसाळा सरल्यावर आम्ही दोघं जैनीबाईकडे गेलो. खरं ते सांगायचं, असं गुरुजींनी वाटेत मला तीनदा बजावलं. अंगणात सगळं गाव बसलं होतं. जैनीबाईनं विचारलं, "हाये का रैनूचं नाव?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाये."

"कुठी नेलं?"

"चांद्याले. तिथंच गेला तो."

"कवा?"

"असाच पावसाळा सरला होता."

मी जमिनीकडे बघत राहिलो. जैनीबाई रडली नाही. उठून घरात गेली, आणि आत बायकांची धावपळ सुरू झाली. चौथ्या दिवशी रैनूचा दगड उभा राहिला. गुरुजींनाही त्याला हात लावायला बोलावलं होतं. त्यानंतर दर साली पावसाळा सरला की गाव तिथं तांदूळ वाहू लागलं.

शताब्दीच्या वर्षी जिल्ह्यातल्या हुतात्म्यांची यादी करायचं ठरलं. काम नागपूरच्या त्याच प्राध्यापकांकडे आलं. ते सूरजागडकडे जाऊन आले आणि आनंदानं शाळेत आले. गावकऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, गुरुजींनी विलायतेत रैनूचा कागद पाहिलाय. तेव्हा त्या कागदाचा क्रमांक तेवढा द्या, म्हणजे नाव घालता येईल. गुरुजींपुढे त्यांनी कोरा कागद आणि पेन ठेवलं. एखादा क्रमांक लिहिला असता तर लंडनला जाऊन तो कुणी तपासणार नव्हतं. गुरुजी पेन हातात धरून बसले. शाळा सुटली, पोरं घरी गेली. शेवटी ते म्हणाले, "माझं टिपण हरपलं." यादी छापून आली, त्यात रैनू नव्हता.

त्या वर्षी तिकडे जायचं त्यांनी टाळलं असतं, पण जैनीबाईचा निरोप आला आणि आम्ही गेलो. यादीची बातमी आमच्याआधी पोचली होती. गुरुजी दगडापाशी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. मी तुले..."

तिनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "कागद हरपते," ती म्हणाली. "त्याचं काय एवढं? तुमी पाह्यलं ना? मंग झालं." आणि मोहाचा भरलेला द्रोण त्यांच्या हातात दिला. गुरुजी आयुष्यात दारूला शिवले नव्हते. तो द्रोण त्यांनी निमूट संपवला. त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य मी पुरं करू शकलो असतो. मलाही ते जमलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजी तापानं गेले. मी जैनीबाईला निरोप धाडला. निरोप्या परत येऊन सांगू लागला, की गावानं रैनूच्या शेजारी आणखी एक दगड उभा केलाय, गुरुजींच्या नावानं, आणि पावसाळा सरला की मला बोलावलंय.

मी अजून गेलेलो नाही.