कलम उघडायचं नाही

भुईगावच्या हरिश्चंद्र चुरीच्या हाताला यश होतं आणि नाकावर राग होता. आंब्याचं कलम बांधावं तर हऱ्यानेच, असं गासपासून कळंबपर्यंत कुणीही सांगे. पण याच हाताने त्याने बांधाच्या भांडणात सख्ख्या मामाच्या चौदा केळी एका दुपारी आडव्या केल्या होत्या. चिडला की आधी मारायचा आणि मग विचारायचा, काय म्हणालास?

कलम बांधणं म्हणजे तसं सोपं काम. कुंडीतलं रोपटं चांगल्या झाडाच्या फांदीपाशी न्यायचं, दोघांची साल चाकूने सोलायची, ओलं अंग ओल्या अंगाला लावायचं, वरून सुतळी गच्च आवळायची आणि शेणमातीने लिंपायचं. मग अडीच-तीन महिने तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. खरी गोम तिथेच. माणसाला राहवत नाही, तो सुतळी सोडून आत डोकावतो आणि कलम मरतं. म्हणून हरिश्चंद्र प्रत्येक वाडीत दम देऊन यायचा, "उघडून बघायचं नाही. ज्याने सुतळी सोडली त्याचा हात तोडीन." सिप्रियन हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या वाडीतल्या एका गड्याने खरंच सुतळी सोडली, तेव्हा हरिश्चंद्राने त्याचं बोट उलटं वळवून काडकन मोडलं. सिप्रियन त्यानंतर महिनाभर त्याच्याशी बोलला नाही.

घरी प्रेमलता होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण पाळणा हलला नव्हता. आल्यागेल्या बाया तिलाच टोचून बोलायच्या आणि ती हसून त्यांना चहा द्यायची. हरिश्चंद्र आतल्या खोलीत बसून सगळं ऐकायचा.

एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात भावकीत लग्न निघालं. हळद झाली, पुरुषमंडळी थोडी घेऊन झिंगली आणि बावखलावर आंघोळीला उतरली. बावखल म्हणजे वाड्यांना पाणी देणारं तळं, सगळ्या आळीचं न्हाणं तिथेच. पायरी चढताना हरिश्चंद्राचा पंचा सुटला. झालं! त्याचा चुलतभाऊ गंगाराम पाण्यातूनच ओरडला, "अरे बघा रे बघा! गावभर मोठाली कलमं बांधतो आणि घरचं रोपटं बघा केवढंसं! मग वहिनीचा पाळणा हलणार कसा?"

सगळी आळी खिदळली. हरिश्चंद्राने पायरीवरचा धोंडा उचलला, पाण्यात उडी घेतली आणि तो गंगारामच्या तोंडावर घातला. पुढचे तीन दात गेले. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण त्याने गंगारामचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं. चौघांनी मिळून ओढला तेव्हा सुटला. गंगारामचे ओठ निळे पडले होते आणि पायरीजवळचं पाणी लाल झालं होतं. पुढे जाणत्यांनी दोघांना समोरासमोर बसवून एकमेकांच्या हातात नारळ द्यायला लावला आणि प्रकरण मिटवलं.

मिटलं ते गावापुरतं. हरिश्चंद्राच्या डोक्यात तो भुंगा बसला तो बसलाच. पाळणा का हलत नाही याचं कारण त्याला आता सापडलं होतं. अडाणी कुठला! दोन वाड्या, दहा गावांची ओळख, आणि अक्कल गहाण ठेवली एका दारुड्याच्या थट्टेपाशी.

प्रेमलताने एका संध्याकाळी धीर करून म्हटलं, "अहो, मी कधी काही बोलले का? माझी काही तक्रार नाही हो. तुम्ही का मनाला लावून घेता?"

त्याने तिच्या कानफटात मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा. ती चुलीपाशी पडली आणि तसाच उठून तो बाहेर गेला. ती आपल्यावर दया करते आहे, असं त्याला वाटलं होतं. हे तिला कळलं असतं तर त्या मारापेक्षा जास्त लागलं असतं.

आचोळ्याच्या रस्त्याला तेव्हा नव्या चाळी उठत होत्या. त्यातल्या एका खोलीत पुरुषांचा खास दवाखाना होता, आणि त्याची जाहिरात स्टेशनजवळच्या भिंतीवर हातभर अक्षरात रंगवली होती. हरिश्चंद्र तोंडाला रुमाल बांधून तिथे गेला. डॉक्टर गोरागोमटा, अंगाला अत्तर, डोक्यावर पंखा. भिंतीवर फ्रेम करून लावलेला कसलासा कागद. डॉक्टरने तपासायच्या आधीच मान हलवली आणि म्हणाला, "मांडीची चरबी आणि कातडी काढायची, तिथे लावायची, शिवून टाकायची. दोन महिन्यांत तुमची बायको तुम्हाला ओळखणार नाही. काय धंदा करता?"

"कलमं बांधतो."

"मग तुम्हाला मी काय समजावू! हे कलमच हो."

बस, तिथेच हरिश्चंद्र फसला. कुणी मंत्रतंत्र सांगितले असते तर त्याने खुर्ची घातली असती डोक्यात. पण हे त्याला कळत होतं. ओलं अंग ओल्या अंगाला लावलं की धरतं, हे त्याने हजारदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

रेक्झिनच्या टेबलावर त्याला निजवलं. भूल अर्धीच चढली. पहिली चीर पडली तशी तो किंचाळला, तर दोन माणसं येऊन त्याच्या पायांवर बसली आणि एकाने त्याच्या तोंडात फडका कोंबला. मांडी सोलल्याचं त्याला कळत होतं. टेबलाखालच्या पातेल्यात टपटप काहीतरी पडत होतं, ते आपलंच रक्त आहे हे समजायला त्याला वेळ लागला. नंतर डॉक्टर हात धूत म्हणाला, "तीन दिवसांनी पट्टी बदलायला या."

घरी त्याने अंतर्गळाचं ऑपरेशन केलं म्हणून सांगितलं आणि वाडीतल्या पंपाच्या खोलीत खाट टाकली. तिसरा दिवस उजाडला. पट्टी रक्ताने भिजून कडक झाली होती, लघवी थेंबाथेंबाने व्हायची आणि प्रत्येक थेंबाला तो भिंतीवर मूठ आपटायचा. पण आचोळ्याला तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी उघडायचं? या डॉक्टरला कलमातलं काय कळतंय! सैल राहिलं म्हणून रक्त येतंय, असं म्हणत त्याने आपली कलमाची सुतळी घेतली, पाण्यात भिजवली आणि पट्टीवरून सात वेढे घालून गच्च आवळली. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी गाठ मारली. इतकी सफाईदार गाठ त्याने आयुष्यात मारली नव्हती.

चौथ्या दिवशी ताप भरला. पाचव्या दिवशी दुखायचं थांबलं, तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, धरलं! सातव्या दिवशी प्रेमलता पेज घेऊन आली आणि दारातच थबकली. खोलीत घूस मरून पडल्यासारखी दुर्गंधी होती.

"अहो, बघू द्या मला."

"हात लावायचा नाही."

"सडलंय काहीतरी. बघू द्या हो!"

त्याने पेजेचं भांडं उचलून तिच्या कपाळावर फेकलं. कपाळ फुटलं. ती रडली नाही. पदराने रक्त दाबत ती तडक सिप्रियनच्या घरी गेली आणि त्याला घेऊन परत आली. सिप्रियन दोन मणांचा गडी, तो सरळ हरिश्चंद्राच्या छातीवर बसला आणि दोन्ही मनगटं खाटेला दाबून धरली. प्रेमलताने कोनाड्यातला कलमाचा चाकू काढला. त्या चाकूला सहा वर्षांत तिने कधी बोट लावलं नव्हतं.

"प्रेमे, सुतळी सोडलीस तर हात तोडीन!" हरिश्चंद्र फेस गाळत ओरडला.

"तोडा. आधी मी सोडते, मग तोडा."

तिने एकेक वेढा कापला. सातवा सुटला आणि पट्टी आतलं सगळं घेऊन हातात आली. काळं पडलं होतं. पिकून फुटलेल्या केळीच्या सालीसारखं. पाणी आणि पू तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. सिप्रियनने तोंड फिरवलं आणि एका हाताने क्रूस केला. हरिश्चंद्राने मान वर करून पाहिलं, आणि मग तो जे ओरडला ते ऐकून शेजारच्या वाडीतली गुरं दावी तोडायला लागली.

सिप्रियनने त्याला केळी न्यायच्या टेम्पोत घातलं आणि मुंबईच्या सरकारी इस्पितळात नेलं. मेलेलं सगळं कापून काढावं लागलं. अंगठ्याच्या पेराएवढं राहिलं. हरिश्चंद्र शुद्धीवर आल्यावर म्हातारा सर्जन त्याच्यापाशी बसला आणि आधी त्याला सणसणीत शिवी दिली.

"कुणी सांगितलं होतं रे तुला कमी आहे म्हणून? ऑपरेशनाआधीची मापं सांगतोस ना, ती चारचौघांसारखीच आहेत. असली ऑपरेशनं करणाऱ्यांचे रोगी मी दर महिन्याला कापतो. मोठ्या इस्पितळात केलं तरी व्रण आखडतो, जाणीव जाते, होतं त्याहून आखूड होतं. आणि मूल? त्याचा लांबीशी काय संबंध? तुम्हा दोघांची साधी तपासणी केली असती, एका बाटलीतल्या नमुन्यावर काम झालं असतं."

हरिश्चंद्राने भिंतीकडे तोंड केलं. प्रेमलता पायथ्याशी उभी होती, कपाळावर टाके घातलेली. सगळं ऐकत होती. तिने त्याच्या पायावरची चादर नीट केली आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसली.

त्या पावसाळ्यात हरिश्चंद्राने एकही कलम बांधलं नाही. बावखलावर गेला नाही. लघवीला बायांसारखं बसावं लागे, म्हणून वाडीच्या टोकाला जाऊन करायचा. दसरा झाला आणि एके सकाळी तो दगडावर कोयता परजायला बसला. प्रेमलताने विचारलं, "कुठे?"

"आचोळ्याला."

ती दारात आडवी झाली. "तुम्ही फासावर गेलात तर मी काय करू? माझ्यापाशी आहे कोण दुसरं?"

त्याने तिला मारलं नाही. दोन्ही खांद्यांना धरून बाजूला केलं, कोयता गोणपाटात गुंडाळला आणि निघाला.

दवाखान्यात बाकावर पाच जण बसले होते. प्रत्येकाने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं. हरिश्चंद्राने गोणपाट सोडलं, कोयता बाहेर काढला, तशी पाचही वर्तमानपत्रं खाली आली. चौथ्या माणसाचे पुढचे तीन दात नव्हते.

गंगाराम! गावभर हसणारा, पाण्यात उभं राहून त्याच्या नावाने ओरडणारा गंगाराम.

"हऱ्या," तो कसाबसा म्हणाला, "मी… मी आपला सहज…"

तेवढ्यात आतला पडदा सारून डॉक्टर आला. कोयता पाहून आधी पांढरा पडला, मग बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे पाहून त्याने आवाज चढवला. "घाबरू नका, डोकं फिरलेला माणूस आहे हा. मीच याचं ऑपरेशन केलंय. एक नंबर झालंय! विचारा त्यालाच."

"एक नंबर?" हरिश्चंद्र म्हणाला.

त्याने कोयता उगारला. सगळे भिंतीला चिकटले. त्याने गंगारामकडे पाहिलं आणि उगारलेला कोयता हातातून सोडून दिला. लादीवर खणकन आवाज झाला. मग ज्या माणसाने एका थट्टेसाठी भावाचे दात पाडले होते, त्याने भर दवाखान्यात स्वतःच्या लेंग्याची नाडी ओढली आणि लेंगा खाली सोडला.

"बघा," तो म्हणाला. "नीट बघा. गंग्या, तू पण बघ."

कुणी हसलं नाही. गंगाराम तोंडावर हात दाबून कोपऱ्यात ओकला. बाकावरचा एक दांडगा माणूस सावकाश उठला, त्याने डॉक्टरची गचांडी धरली आणि त्याचं तोंड फ्रेमच्या काचेवर आपटलं. मग सगळेच तुटून पडले. बाक मोडला, औषधांची कपाटं फुटली, डॉक्टर रक्ताळलेल्या तोंडाने मागच्या खिडकीतून रुळांकडे पळाला आणि चौघे त्याच्या मागे धावले.

हरिश्चंद्र तिथेच उभा होता, काचांमध्ये, उघडा. लेंगा पायांत पडला होता, पण तो उचलायला तो वाकला नाही. गंगारामने तोंड पुसलं, त्याच्यापुढे गुडघे टेकले, लेंगा वर ओढला आणि रडत रडत नाडी बांधायला लागला.

"गच्च नको, गंग्या," हरिश्चंद्र म्हणाला. "सैल बांध."