खालच्या वस्तीची सात घरं

आमच्या ह्यांना कागदाची घडी घालता येत नाही. येत नाही म्हणजे, घालत नाहीत. वर्तमानपत्र, विजेचं बिल, लग्नपत्रिका, सगळ्याची सुरळी. औषधाची चिठ्ठीसुद्धा सुरळी करून खिशात, आणि मग औषधवाला बिचारा ती दोन्ही हातांनी दाबून धरून वाचतो. घरातलं कुठलंही कपाट उघडा, दोन-चार सुरळ्या अंगावर येतात. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, मी ह्यावर बोल बोल बोलले आणि शेवटी हात टेकले. नकाशाच्या कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला एखादी खोड असायचीच, असं म्हणून सोडून दिलं.

कचेरीत ह्यांचं काम एकच. जुन्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची. ओढे, पायवाटा, विहिरी, घरांचे काळे ठिपके, आणि डोंगराची उंची दाखवणाऱ्या त्या वळणावळणाच्या रेषा. नवीन मोजणी झाली असेल तेवढा बदल करायचा, बाकी सगळं जुन्यातलं जसंच्या तसं. चौतीस वर्षं उंच स्टुलावर, मान खाली. ह्यांचा हात कधी हलत नसे. उंचीच्या रेषांचं किचकट काम आलं की साहेब ते ह्यांच्याच टेबलावर आणून टाकायचे. त्या कौतुकाचं फळ म्हणजे मानेला पट्टा आणि जाड भिंगांचा चष्मा. संध्याकाळी घरी यायचे ते निम्मे झोपेतच. पोरीला मांडीवर घेतलं तरी बोट तिच्या पाठीवर रेषा काढत फिरायचं.

निवृत्त झाल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं मला. कसली सुटका. वाचनालयाच्या बाईंनी आमच्या पंचक्रोशीचा इतिहास लिहायला काढला. बाई तरुण, उत्साह मावत नाही अंगात. कचेरीनं रद्दीत काढलेले शंभर वर्षांतले पाच नकाशे त्यांनी मिळवले आणि ते ताडून बघायला ह्यांना धरलं. प्रत्येक वस्तीला पुस्तकात एक पान. कोण राहत होतं, पाणी कुठून भरत होते, कोण कुणाबरोबर पळून गेलं, सगळं. फक्त वस्ती निदान दोन छापील नकाशांत दिसली पाहिजे. "नाहीतर काकू, जो तो उठेल आणि आपल्या गोठ्याला गाव म्हणेल," बाई मला म्हणाल्या. मीही हसले. माझ्या माहेरावर पाळी येईपर्यंत मला नियम पटलाच होता.

माझं माहेर म्हणजे खालची वस्ती. ओढ्याकाठी सात घरं आणि एक विहीर, एवढंच. लग्नाआधी हे पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा पाण्याचा पेला हातात धरून नुसते घरं मोजत उभे राहिले. "जावयाचा किती घरांवर डोळा आहे बघा," आत्या म्हणाली. त्या विनोदावर आम्ही कित्येक वर्षं हसलो. आता तिथं कोणी नाही. रस्ता वरच्या गावातून गेला, पूल वर झाला, शाळा वर झाली. दादानं रस्त्याच्या कचेरीचे उंबरे झिजवले. तिथले लोक नकाशा पसरायचे आणि म्हणायचे, इथं कोणी राहतच नाही. एकदा तो आमच्या घरी आला आणि ह्यांना म्हणाला, "भाऊजी, तुम्ही नकाशावाले, एवढं बघा की." हे म्हणाले, "बघतो." मग घरं एकेक करून उठली. दादा सगळ्यांत शेवटी निघाला. कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली आणि दोन वर्षांत गेला. ती किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला लटकते आहे. दार आता पडलंसुद्धा असेल. म्हणून मला ते पान हवं होतं. फार हवं होतं.

एका दुपारी बाई आल्या आणि चहाला हात न लावता बसून राहिल्या. तेव्हाच ओळखलं मी.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका. तुमची वस्ती फक्त पहिल्या नकाशात आहे. पुढच्या चारांत तिथं नुसता डोंगरउतार आहे."

"मग मी काय डोंगरउतारावर जन्मले?"

"मला मान्य आहे हो. पण तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या बाकीचे मला जाब विचारतील."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीशी बसून कप बशीत फिरवत होते. "तुम्ही बोला की काहीतरी," मी म्हणाले, "आयुष्यभर ह्याच नकाशांत डोकं घालून बसलात."

कप बाजूला सारून हे म्हणाले, "उद्या येतो वाचनालयात. कापडावर चिकटवलेली ती जुनी प्रत काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मीही गेले. माझ्या माहेराचा प्रश्न, मी घरी कशाला बसते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबल, वर गुणगुणणारी ट्यूब, भिंतीला पहिल्या नकाशाची स्वच्छ प्रत. टेबलावर तोच नकाशा, पण पार पिचलेला. मोजणीचे लोक तो चार घड्या घालून पिशवीत घेऊन हिंडायचे. घड्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं कागद झिजून कोटाच्या बटणाएवढं भोक पडलं होतं. खालचं कापड पांढरं दिसत होतं. ह्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं. मी भिंतीवरच्या प्रतीत तीच जागा शोधली. सात काळे ठिपके होते.

"दुसरा नकाशा ह्या प्रतीवरून निघाला, तेव्हा कचेरीत हीच एक प्रत होती," हे म्हणाले. "मी काढला. नोकरीचं दुसरं वर्ष होतं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कागद फाटलेला असला की पेन्सिलीनं गोल करायचा, 'जागेवर पाहणे' अशी चिठ्ठी लावायची आणि माणूस जाऊन बघून येईपर्यंत थांबायचं. दोन-तीन महिने जातात. साहेब दोनदा विचारून गेले होते. उंचीच्या रेषा भोकाच्या ह्या बाजूनं आत जात होत्या, त्या बाजूनं बाहेर पडत होत्या. मी जोडून टाकल्या. इतक्या सुरेख जुळल्या की तपासणाऱ्याला शंकासुद्धा आली नाही. पुढचे तिन्ही नकाशे माझ्याच नकाशावरून उतरवले."

"कळलं कधी तुम्हाला?" मी विचारलं.

ह्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा. तू पाणी दिलंस ना, तेव्हा."

मला आत्याचा विनोद आठवला. मग ह्या घरातल्या सगळ्या सुरळ्या आठवल्या. आणि मग दादा आठवला, आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसलेला.

"दादाला म्हणालात, बघतो. काय बघायचं राहिलं होतं?"

"बघायचं काहीच नव्हतं. सांगायचं होतं." मग म्हणाले, "नोकरीवर आलं असतं. पोरगी तीन महिन्यांची होती. पण ते कारण नाही. मी घाबरलो."

मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. फार राग आला होता, पण त्या रागाला उभं राहायचं त्राण नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी कळतं तर भांडी फेकली असती. आता बस आल्यावर आम्ही दोघं एकाच बाकावर बसून घरी आलो.

चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. हे बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून होते. चूक आपली, असं लिहून सही केली. बाई म्हणाल्या होत्या, काढणाऱ्याचाच लेखी कबुलीजबाब आणि दुरुस्त नकाशा मिळाला तर तो नियमातला दुसरा नकाशा म्हणून धरता येईल. फक्त तो कबुलीजबाब पुस्तकात छापावा लागेल. हे म्हणाले, छापा. नकाशाला मात्र वेळ लागत होता. ह्यांचा हात आता हलतो. एक रेघ ओढायची आणि मनगट चोळत बसायचं.

पाचव्या दिवशी ह्यांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "घरं कशी होती? कोणाचं कुठलं?"

"तुम्ही मोजली होती ना?"

"सात मोजली. कोणाची ते नाही माहीत."

मी हात पुसले आणि जाऊन बसले. आत्याचं ओढ्यालगत. मग दोन भावांची, मध्ये एकच भिंत. सुतारकाकांचं जरा वर. विहीर ह्यांनी डावीकडे काढली होती, ती मी उजवीकडे घ्यायला लावली. दादाचं घर शेवटी सांगितलं. ठिपका वेडावाकडा आला. पुसू का म्हणाले, मी राहू दे म्हणाले.

"दादाला सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"मला नंतर. आधी त्याला."

"हो."

पाकीट छापखान्यात जायचं होतं. सुरळी त्यात बसेना. ह्यांनी कागद सपाट केला, कडेला कड लावली आणि हात काढून घेतला. दुसऱ्यांदाही तेच.

मग मीच कागद ओढून घेतला. आमची घरं कुठं आहेत ते आधी बोटानं नीट बघितलं. घडी घातली ती पार वर, नुसत्या डोंगरावरून.