तहान भागेना तेव्हा

"मॅडम, तुम्हाला वेड लागलेलं नाही. रक्तातलं कॅल्शियम फार वाढलंय. आत्ताच अ‍ॅडमिट व्हा," सोलापूरचे डॉक्टर म्हणाले. मला ते धड कळलंही नाही. माझा नवरा संजय मात्र तिथंच खुर्चीत रडू लागला.

मी टेंभुर्णीजवळच्या शाळेत शिकवते. कित्येक महिने अंग ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, कितीही पाणी प्यायले तरी घसा कोरडाच. पुढं फळ्यासमोर उभी राहून काय लिहायचं तेच विसरू लागले. सगळे म्हणाले, टेन्शन आहे. मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या. हाडं दुखतात म्हणून सासूबाई रोज दुधाबरोबर कॅल्शियमची गोळी द्यायच्या. एका सकाळी मी त्यांनाच विचारलं, "तुम्ही कोण?" त्याच दिवशी मला सोलापूरला आणलं.

वॉर्डात सलाईन चढलं. कॅल्शियमची गोळी बंद झाली. सासूबाई हादरल्या. "म्याच माज्या हातानं दिली की गं!"

डॉक्टर म्हणाले, "आजी, गोळीनं थोडी भर पडली असेल, पण मूळ कारण वेगळं आहे." मग संजयला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, काही वेळा यामागं कॅन्सरही असतो.

रिपोर्ट येईपर्यंत संजयच्या घशाखाली घास उतरला नाही. सासूबाई माझे पाय चेपत राहिल्या.

दोष पॅराथायरॉइडमध्ये निघाला. या गळ्यातल्या बारीक ग्रंथी. हाडांतून रक्तात किती कॅल्शियम यावं, ते त्या ठरवतात. त्यातल्या एकीत अ‍ॅडिनोमा होता, म्हणजे साधी गाठ. कॅन्सर नव्हता. कॅल्शियम आटोक्यात आल्यावर ऑपरेशन झालं.

त्यानंतर ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडली. आता कॅल्शियम खाली घसरलं होतं. तेव्हा मी सगळ्यात जास्त घाबरले, कारण आता मला सगळं कळत होतं. नर्सताईंनी कॅल्शियमचं इंजेक्शन हळूहळू देत माझा हात धरून ठेवला. तो हात मी विसरणार नाही.

तहान, बद्धकोष्ठता, हाडदुखी आणि विसर पडणं असं एकत्र दिसलं, तर डॉक्टरांना कॅल्शियम तपासायला सांगा. नुसतं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका.

मी पुन्हा शाळेत जाते. गेलेले महिने मात्र परत आले नाहीत. त्याच महिन्यांत झालेल्या भावाच्या लग्नाच्या फोटोत मी हिरवी साडी नेसून उभी आहे. मला काहीच आठवत नाही. माझी लेक शेजारी बसते, फोटोवर बोट ठेवते. "आई, हितं तू मला जिलेबी भरवलीस."

"गोड होती का गं?" मी विचारते.

"लई!" ती म्हणते.