शेवटचा फोटो आभाळाचा

दराब्याच्या मिठाईचा खोका हातात घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी आलो, तेव्हा शेजारच्या मधूच्या दारात माणसं उभी होती. माझ्या मनात पहिला विचार काय यावा, तर गॅसची गाडी आली असेल. सकाळी परसातल्या भिंतीवरून त्यानेच मला फर्मावलं होतं, "चौकात चाललाच आहेस तर दराबा घेऊन ये. ताजा असेल तरच घे, नाहीतर नको. आणि जाताना तुझा तो रेडिओ बंद करून जा ना यार, शिंजीर यायची वेळ झाली." मी चार शब्द सुनावले, रेडिओ बंद केला आणि निघालो. परतलो तर समोरच्या घरातले काका पुढे येऊन म्हणाले, "मधूभाऊ गये." मी विचारलं, "कुठे?" खरंच असं विचारलं मी. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, पण त्या दोन शब्दांचा अर्थ लागायला मला त्याच्या परसात जाऊन उभं राहावं लागलं. जास्वंदीखाली त्याला चटईवर निजवलं होतं. पायात एकच चप्पल होती. तो खोका मी कुठे ठेवला, कुणाला दिला, ते अजून आठवत नाही.

इतके आठवडे झाले, तरी पटत नाही. नखात रोग नव्हता त्याच्या. आदल्याच रविवारी तापीवरचा पूल पायी ओलांडून जैनाबादपर्यंत जाऊन आला होता, कुठल्याशा बगळ्यांसाठी. येताना मी धापा टाकत होतो आणि हा मला हसत होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट. एवढंच. माणसाच्या जाण्याला इतकं आखूड कारण असू शकतं, याचाच मला राग येतो.

मधूचं आमच्या बुऱ्हाणपूरच्या बाजारात मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. अर्ध्या गावाच्या साड्यांना जोड शोधून देण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याच्या हातात कॅमेरा आला तोही धंद्यापायीच. मुलीने, चित्राने, नवा फोन घेतला आणि आपला जुना डिजिटल कॅमेरा इंदूरहून बापाला आणून दिला, गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर कापड दाखवता यावं म्हणून. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो, असं त्याचं ठाम मत. म्हणून सकाळी परसातल्या दोरीवर ब्लाउजपीस टांगून तो उन्हात फोटो काढायचा. एके दिवशी राणी कलरच्या कापडाशेजारी एक शिंजीर येऊन बसला. अंगठ्याएवढं पाखरू, बाकदार चोच, उन्हात चमचमणारं. याने फोटो काढला आणि न बघता तोच गिऱ्हाईक बाईंना पाठवून दिला. बाईंचं उत्तर आलं, "कपडा रहने दो भैया, ये पंछीवाला कलर चाहिए, चार मीटर." त्या दिवशी तो भिंतीवर वाकून मला ते वाचून दाखवताना इतका हसला, की आतून निर्मलावहिनी बघायला आल्या. "आता हा रंग कुठून आणू रे? वांगी म्हण तर वांगी, मोरपंखी म्हण तर मोरपंखी. टू-टोन आहे. असला कापडाचा ताका कुठल्याच मिलने काढला नाही अजून."

तिथून त्याला नाद लागला तो लागलाच. दुकान उघडायच्या आधीचा तास परसाचा. आमच्या दोघांच्या परसांमध्ये एकच भिंत आहे. माझ्या बाजूला धुण्याचा दगड पडलाय, त्यावर चढलं की पलीकडचं सगळं दिसतं. तिथून मी त्याची शिकार बघत असे. शिकार कसली, हा पठ्ठ्या प्लास्टिकच्या खुर्चीत जास्वंदीकडे जवळजवळ पाठ करून बसायचा, मांडीवर कॅमेरा, पुढ्यात गवारीच्या शेंगांचं ताट. शेंगा मोडत राहायचा. "पाखराकडे टक लावून बघू नये," म्हणायचा, "लाजतं ते. गिऱ्हाइकाचं पण तसंच असतं. तू ताक्यांकडे बघत बैस, बाई आपोआप आत येते." फांदी हलली की कॅमेरा हळूच वर जायचा आणि बटण दाबलेलंच ठेवून तो कट-कट-कट-कट एका दमात सात-आठ फोटो घ्यायचा, कारण शिंजीर काही पोज देऊन थांबत नाही. त्या आवाजाला वहिनी म्हणायच्या, "झाली तुमची कटकट सुरू." पण रोजची भाजी आयती निवडून मिळायची, म्हणून तक्रार तेवढ्यावरच थांबे. आणि मी भिंतीवरून काही बोलायला गेलो की ओठावर बोट. "हळू बोल. आलाय."

त्याची आणखी एक रीत होती. सकाळचा शेवटचा फोटो आभाळाचा. पाखरू मिळो न मिळो, उठण्याआधी मान वर करून एक फोटो घ्यायचाच. "रोजची शेड वेगळी असते, सॅम्पल ठेवलेलं बरं," असं सांगायचा. मला ते सगळे फोटो सारखेच निळे दिसत आणि मी तसं बोलूनही दाखवी. मग तो माझी कीव करायचा.

त्या सकाळी परसात तो एकटाच होता. वहिनी स्वयंपाकघरात दाण्याचं कूट करत होत्या, मिक्सर चालू होता. बंद करून बाहेर आल्या तेव्हा सगळं संपलेलं. कॅमेरा गवती चहाच्या गड्ड्यात पडला होता. त्यांनी तो उचलला, मधूच्या गमछ्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. चित्रा रात्री इंदूरहून आली, तिने दुसऱ्या दिवशी मागितला. "आई, देख तो लेने दे, बाबांचे शेवटचे फोटो आहेत." वहिनी काही केल्या देईनात. चौथ्या दिवशी मी गेलो तर मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी मला हाक मारली असेल का हो? मिक्सरमध्ये काहीच ऐकू येत नाही..." मी म्हणालो, नसेल मारली. "तुम्ही तर दराबा आणायला गेला होतात. तुम्हाला काय माहीत?" मला खरंच माहीत नव्हतं. मला कळलं, की त्या कॅमेऱ्याला त्या घाबरत होत्या. पडल्यावरही तो काही वेळ धडपडत राहिला असेल, बटण दाबलं गेलं असेल, आणि ते सगळं त्यात दिसेल, ही ती भीती.

दहाव्याला आम्ही तापीच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला. कावळे होते, समोरच्या लिंबावर चांगले तीन-चार बसले होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. चित्राने हात जोडून सांगितलं, "बाबा, आईला मी एकटी नाही राहू देणार." कावळे जागचे हलले नाहीत. मधूच्या मेहुण्याने दुकान चालू ठेवण्याचं वचन दिलं. कावळ्यांना दुकानाचंही काही पडलं नव्हतं. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण वहिनींचा चेहरा बघवेना. "हाक मारली होती त्यांनी," त्या पुटपुटल्या, "मी आले नाही. म्हणून अडून बसलेत." मी इकडेतिकडे पाहिलं. वीस-पंचवीस माणसं डोळे फाडून त्या कावळ्यांकडे बघत होती, दोघा-तिघांनी मोबाइलही रोखले होते. आणि मला मधूची खुर्ची आठवली.

"सगळे पाठ फिरवा," मी म्हणालो.

"ये कौनसी रीत है मास्तर?" मेहुणा उखडला.

"मधूची आहे," मी म्हणालो, "मोबाइल खिशात घाला आणि नदीकडे बघा."

मास्तरकीचा आवाज निघाला असावा, कारण सगळे फिरले. पिंडदान करवणारे महाराजही फिरले. आम्ही पलीकडच्या जैनाबादच्या काठाकडे बघत शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिलो. थोड्या वेळाने मागे पंख फडफडले. वळलो तेव्हा पिंड फुटलेला होता आणि भाताची शितं पसरली होती. "शिवला!" महाराज म्हणाले. "कावळाच होता ना?" मेहुण्याने विचारलं. "देखा किसने?" कुणीच पाहिलं नव्हतं. वहिनींच्या ओठांवर एवढंसं हसू आलं, ते मी पाहिलं. पण त्यांचा प्रश्न काही कावळ्याने सोडवला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि गमछा माझ्या हातात दिला. "तुम्ही बघा. काय असेल ते खरं सांगा." मागच्या छोट्या पडद्यावर चित्र उमटलं आणि मी एकेक पुढे सरकवत गेलो. जास्वंद. रिकामी फांदी. मग शिंजीर. फुलात चोच. चोच बाहेर. पंख अर्धे उघडलेले, स्वच्छ, हात जराही न हललेला. पुन्हा तोच, मान वळवलेला. आणि त्याच्या लगेच पुढे आभाळ. वाकडं, कोपऱ्यात पेरूचं एक पान, बाकी सगळं निळं. त्यापुढे काही नव्हतं.

वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी कॅमेरा घेतला. पाखरू, आभाळ, पुन्हा मागे, पाखरू, पुन्हा आभाळ. "हे त्या एका कटकटीतलेच ना?"

"हो. दोन्हींखाली वेळ तीच आहे. बोट उचललंच नाही त्याने. बटण दाबलेलंच होतं."

"म्हणजे त्या कट आणि ह्या कटच्या मधे..."

"तेवढ्यातच, वहिनी."

"मग हाक मारायला वेळच नव्हता."

"नव्हता."

त्या मटकन खाली बसल्या आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. चित्राने त्यांना कवेत घेतलं. मी परसात निघून गेलो. माझं काय झालं ते मलाच सांगता येत नाही. त्यांना ज्याने सुटका मिळाली, त्यानेच मला पुरतं हादरवलं. साठ-पासष्ट वर्षांचा माझा मित्र, त्याचं हसणं, त्याचे टोमणे, सगळ्या शहराचे रंग तोंडपाठ असलेलं ते डोकं... हे सगळं संपायला एका कटपासून दुसऱ्या कटपर्यंतचा वेळ पुरला. मधे धड एक श्वासही बसत नाही. आणि तरी शेवटचा फोटो आभाळाचाच आला. सॅम्पल राहून गेलं नाही. मला ते रोज सारखंच दिसायचं म्हणून त्याला चिडवणारा मी, त्या एका निळ्याची शेड आता कुठेही ओळखेन.

चित्रा आईला इंदूरला न्यायला तयार होती. वहिनी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाल्या आणि राहिल्या. परवा सकाळी मी रेडिओ लावला आणि चहाला येऊ का विचारावं म्हणून धुण्याच्या दगडावर चढलो. ती प्लास्टिकची खुर्ची जास्वंदीकडे पाठ करून होती. वहिनी तिच्यात बसून गवार मोडत होत्या. कॅमेरा नव्हता, मांडीवर नुसतं ताट. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागे न वळता त्यांनी शेंगेचा हात वर केला.

"भाऊजी, हळू. आलाय."

मी दगडावरून खाली उतरलो आणि आत जाऊन रेडिओ बंद केला.