यंदा एकाही ब्लॉगरला आवतण नाही

तमाम गावकरी, भाऊकी, पै-पाहुणे, परमुलखात पोटापाण्याला गेलेले बंधू आणि इंटरनेटच्या अफाट पसाऱ्यात जिथं कुठं दडून बसले असतील तिथले माझे समस्त ब्लॉगर मित्र यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, चैत्रातल्या आमच्या गावच्या यात्रेला यंदा मी एकाही ब्लॉगरला बोलावलेलं नाही. कुणीही येऊ नये. 'पोचलोच समजा' असं कुणीही लिहू नये. लिहिल्यास समजलं जाणार नाही. हुकमावरून.

हा हुकूम मी सेलममधल्या माझ्या दुकानात, भट्टीसमोर उभं राहून, खणखणीत आवाजात सोडला. ऐकायला कुणी नव्हतं. तसं चौदा वर्षं बोलावूनही कुणी आलं नाही, म्हणून तर हुकूम काढायची वेळ आली.

मी गाव सोडलं तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमच्या खटाव-खानापूर पट्ट्यातला पोरगा एक तर फौजेत जातो, नाहीतर गलाईला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, आम्लात घालून शुद्ध करून देणं. या धंद्यापायी आमची माणसं देशभर पसरली आहेत. फौजेच्या भरतीत माझी छाती थोडी कमी भरली (ती अजूनही कमीच आहे, भरपाई पोटानं केली), त्यामुळं माझी रवानगी तमिळनाडूत, सेलमला, चुलत्याच्या दुकानात झाली.

वडूजच्या स्टँडवर मिरजेची एसटी लागली होती. पुढं मिरजेहून रेल्वे. आई रडत होती आणि रडता रडताच कुठली भाकरी आधी खायची, कुठली मागनं, हे बजावत होती. आबा, म्हणजे माझे वडील, खिडकीचा गज धरून उभे होते. उपदेश त्यांना कधी जमला नाही. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "तिकडं माणसं जोड रं. आन् जोडलीस की यात्रेला घिऊन ये. बघू तरी."

हे 'बघू तरी' महत्त्वाचं. आमच्याकडं माणूस जोडला गेला की नाही याचा निकाल यात्रेत लागतो. पहिल्या दिवशी देवाला गोड नैवेद्य, दुसऱ्या दिवशी बोकड. त्या दुसऱ्या दिवसाला खारा दिवस म्हणतात. त्या दिवशी जो तुमच्या दारात बसून रस्सा-भाकरी जेवला, तो तुमचा. ज्याच्या दारात चपलांचा ढीग मोठा, तो माणूस मोठा. आणि कुणी नुसतं 'येतो' म्हटलं तरी त्याच्या नावाचं पीठ मळलं जातं. आमच्या गावात 'येतो' हा शब्द कुणी हवेत सोडत नाही.

सेलमला माणसं जोडणं काही जमेना. माणसं वाईट नव्हती. समोरचा इडलीवाला अण्णा रोज सकाळी विचारायचा, "साप्टींगळा?" म्हणजे जेवलात का. मला उत्तरादाखल 'आमा' एवढंच यायचं, म्हणजे हो. पहिली काही वर्षं मी त्या भल्या माणसाशी फक्त 'हो' बोललो. चुलता अबोल, भट्टीला तोंड नाही. मी, ज्याच्या गप्पांसाठी गावात पारावरून माणसं उठत नसत, तो मी, मराठी बोलायला मिळावं म्हणून मिरजेच्या रेल्वेची चौकशी करायला स्टेशनात फोन लावायचो. तिथंही तमिळच.

मग दुकानात बिलांसाठी कॉम्प्युटर आला, आणि त्यात एक दिवस मराठी उमटलं. मी ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'मूस'. मूस म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. पहिली पोस्ट आमच्या म्हशीवर होती. ती पाण्यात बसली की कुणाचंच ऐकायची नाही, एवढंच कथानक. तासाभरात खाली प्रतिक्रिया आली, थेट मस्कतहून! 'आमची पण अशीच होती. नाव काय हिचं?'

त्या दिवशी मी जो नाचलो तो चुलत्यानं पाहिला आणि आम्लाचा वास डोक्यात गेला असं गावाला कळवलं.

मस्कतची ती बाई 'ओली वाळू' या नावानं लिहायची. नागपूरचा एक कॉलेजातला ग्रंथपाल 'बिनकामाचा' या नावानं. आणखी बरेच होते, पण हे दोघं म्हणजे माझ्या डाव्या-उजव्या बाजूला बसणारी माणसं. खरी नावं माहीत नाहीत, तोंडं पाहिलेली नाहीत, पण ओल्या वाळूच्या मुलाला गणितात किती पडले आणि बिनकामाच्याच्या सासूबाई कधी राहायला आल्या, हे मला सेलममध्ये बसून ठाऊक असायचं. चुलता वारला त्या दुपारी मी परक्या मुलखात एकटा होतो. काय करावं सुचेना म्हणून दोन ओळी ब्लॉगवर टाकल्या. दोघं जण संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. दर दहा मिनिटांनी खाली काहीतरी लिहीत राहिले. 'पाणी प्यालात का?' 'गावाकडं फोन झाला का?' 'आम्ही आहोत इथं.' भाऊकीतलं कुणी यापेक्षा जवळ बसलं नसतं.

तर अशा उमाळ्याच्या दिवसांत मी यात्रेवर पोस्ट लिहिली. लिहिली म्हणजे काय, उधळली. पालखी, कुस्त्यांचा फड, चुलीवरचा रस्सा, त्या रश्श्याच्या वासानं आंधळं झालेलं गाव! शेवटी गावाचा पत्ता आणि तिथी दिली आणि लिहिलं, 'सगळ्यांनी यायचं. घर आपलंच आहे.' खाली त्रेचाळीस प्रतिक्रिया. 'नक्की!' 'निघालोच!' 'पोचलोच समजा!' 'ताट वाढून ठेवा!' बिनकामाच्यानं लिहिलं, 'आमच्या वाटचा रस्सा राखा.'

आणि मी काय केलं? त्या सगळ्या प्रतिक्रिया छापून घेतल्या आणि गावी नेऊन आबांच्या हातात दिल्या. मला नुसतं दाखवायचं होतं, की बघा, जोडली माणसं. आबांनी चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली, कागद घडी करून खिशात घातला आणि गेले. दुपारी परत आले ते आणखी एक बोकड घेऊन. शेजारच्या दोन खोल्या सारवून घेतल्या. वाकळा गोळा केल्या. कुस्त्यांच्या फडात पुढच्या रांगेत खुर्च्या राखायला सांगितल्या, "आमच्या पोराची माणसं हायती, मस्कतपातूर."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. 'आबा, ते लिहिण्याची एक पद्धत असते.' नाही सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही आतून वाटत होतं, की येतील. निदान चार तरी.

खाऱ्या दिवशी आबा सकाळपासून फाट्यावर उभे. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या माणसाला, "तुमी लिवणारं का?" विचारत. दुपार कलली, रश्श्यावरची तर्री गोठली, एकही आला नाही. मी ब्लॉग उघडला तर एकानं लिहिलं होतं, 'अहो, तुम्ही खरंच बोलावलं होतंत का?' आणि पुढं हसरा चेहरा. त्या पिवळ्या चेहऱ्याला मी आजही ओळखतो.

आबांना काय सांगू? सांगितलं, की सगळ्यांनी मिळून एक गाडी केली होती, ती इंदापूरजवळ बंद पडली. आबांनी माझ्याकडं पाहिलं. "मस्कतची बाई बी त्याच गाडीत व्हती?"

"व्हय," मी म्हणालो.

"आसंल," आबा म्हणाले, आणि उरलेला रस्सा वाटायला गेले.

त्यानंतर दर वर्षी यात्रेच्या आधी फोनवर हाच प्रश्न, "औंदा येणार न्हवं तुझी माणसं?" आणि मी दर वर्षी नवी अडचण शोधणार. परीक्षा, बदली, पाय मोडला, पासपोर्ट संपला. म्हशीवर लिहिताना लावलं नसेल इतकं कसब मी चौदा वर्षांत या थापांवर खर्च केलं. शेजारचे सोपानकाका भर पंगतीत विचारायचे, "काय रं, गाडी इंदापुरातनं हलली का न्हाई अजून?" सगळे खो खो हसायचे. आबा त्यांच्यावर खेकसायचे, "गप रं! कामाची माणसं हायती ती, येतील सवडीनं." आणि आईला सांगायचे, "चार भाकऱ्या वाढीव टाक."

एवढा भाबडा बाप कुणाच्या नशिबी येऊ नये. त्यांच्या त्या वाढीव भाकऱ्या बघून मला जेवण जायचं नाही. त्यांना आता ऐंशी झाली. दारातल्या बाजल्यावर बसून असतात, ऐकू कमी येतं. माझी एकच इच्छा होती, की आबा बाजल्यावर बसते आहेत तोवर त्रेचाळिसातलं एक, फक्त एक माणूस त्या दारात जेवून जावं.

पण माणसं होती कुठं? कुणी झटपट लिहायच्या नव्या ठिकाणी गेलं, कुणी मोबाईलच्या ग्रुपात. मीही गेलो. ज्या माणसांनी एकेका म्हशीवर दीड पान प्रतिक्रिया लिहिली, ती आता सकाळी फुलाचं चित्र पाठवायला लागली. मग तेही थांबलं. कुणी राजकारणावरून भांडून गेलं, कुणी न भांडताच. ओल्या वाळूच्या ब्लॉगवर शेवटची ओळ आहे, 'दोन दिवसांत परत येते.' त्याला नऊ वर्षं झाली. बाई आहे की नाही, हे विचारायला माझ्याकडं तिचं नावसुद्धा नाही. गावात कुणी गेलं तर निदान माणूस येऊन सांगतो. इथं कोण कुणाला सांगणार? याचा मला भयंकर राग येतो, आणि कुणावर काढावा हे कळत नाही म्हणून आणखी येतो.

म्हणून यंदा हुकूम काढला. आबांनी फोनवर विचारलं तेव्हा पहिल्यांदाच खरं बोललो, "न्हाई आबा. कुणी न्हाई येणार."

"बरं," आबा म्हणाले. "तू तर येतूस न्हवं?"

मी आलो. सेलममध्ये मी 'मराठी सेट', गावात 'मद्रासी'. माझी पोरं आपसात तमिळमध्ये भांडतात आणि यात्रेला आली की तिखटानं रडतात. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला पत्ता सांगता येत नाही. फार तर एवढं म्हणेन, की घर म्हणजे जिथं आपल्या शब्दावर कुणीतरी डोळे मिटून विश्वास ठेवतं. आबांकडं बघून मी हे ठरवलं होतं.

खाऱ्या दिवशी दुपारी पहिली पंगत बसली होती. मी रश्श्याची बादली घेऊन वाढत होतो. एवढ्यात सोपानकाका फाट्यावरून एका माणसाला घेऊन आले. साठीचा, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. तो थेट आबांच्या बाजल्यापुढं वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "नमस्कार. मी बिनकामाचा."

"आसू द्या," आबा म्हणाले. "आमच्यात बी लय हायती. बसा जेवायला."

माझ्या हातातली बादली मी जिथं होतो तिथंच ठेवली. कुणाच्या तरी पानावर ठेवली, असं नंतर कळलं.

"मूस?" तो म्हणाला.

"आवं पण, मी यंदा कुणालाच बोलावलं नव्हतं!" माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. चौदा वर्षं वाट बघून!

"भाऊ, तुम्ही पोस्टमध्ये तिथी लिहिली होती. साल कुठं लिहिलं होतं? माझी पोरगी आष्ट्याला दिली. तिच्याकडं आलो होतो, पंचांग पाहिलं, तर आजच. म्हटलं, आवतण तं अजून चालू आहे." मग पंगतीत बसता बसता तो सहज म्हणाला, "तुम्ही बी माझ्या वास्तुशांतीला 'निघालोच' लिहिलं होतं ना जी. बायकोनं गादी घालून ठेवली होती."

मला आठवेना. अगदी काही आठवेना. त्या पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याला शिव्या देत मी इतकी वर्षं काढली, आणि नागपुरात एक गादी माझ्यासाठी घातलेली होती.

मी काही बोलणार, तेवढ्यात आबा बाजल्यावरून उठले. काठी टेकत त्याच्या पानापाशी आले, वाकून त्याच्या दंडाला हात लावून बघितला. "आमच्या वाटचा रस्सा राखा, आसं लिवलेलं तुमीच?"

"हो जी. मीच."

आबांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग स्वयंपाकघराकडं वळून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आईला हाक मारली:

"आगं, भाईर ये! ही माणसं खरी हायती! मला वाटलं, पोरगं तिकडं एकटं बसून आपलं आपणच लिवतंय समदं!"