हात दाखव, सई

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि समोर बसून हे बोलणं मला जमणार नाही. वर्गातली मुलं सोडली तर मी फारशी कुणाशी बोलतच नाही. लोक म्हणतात, शांत आहे, गुणी आहे. शांत माणसाच्या मनात काय शिजतं, हे कुणी विचारतं का?

मी रत्नागिरीतल्या एका शाळेत ज्युनिअर केजीला शिकवते. आमच्याकडे पुस्तकं कमी, हातांचं काम जास्त. घमेल्यात भाताचं तूस भरायचं, त्यात शंख-शिंपले लपवायचे आणि मुलांनी डोळे मिटून चाचपत शोधायचे. चिंचोके मोजत वाटीत टाकायचे. भेंडीचे ठसे, लाल मातीचे गोळे, गणपतीआधी तांदळाच्या उकडीचे वेडेवाकडे मोदक. पालकसभेत मीच सांगते — या वयात मूल हातांनी शिकतं. त्याचे हात थांबवलेत, तर मूलच थांबतं.

म्हणजे मला माहीत होतं. नीट माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते.

पण त्याआधी दुसऱ्या हातांबद्दल सांगायला हवं.

माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. टरफलातलं तेल लागलं की कातडी भाजते, काळी पडते, मग सोलते. राख चोळून बसलं तरी बोटं वाचत नाहीत. त्या बोटांवर माझी इंग्रजी शाळा चालली होती. पाचवीत माझ्या वाढदिवसाला तिने काजूच्या तुकड्यांचे लाडू केले आणि मधल्या सुट्टीत वर्गात येऊन स्वतः वाटायला लागली. पहिल्या बाकावर मुग्धा बसायची. अर्धा वर्ग तिच्या मागे चालायचा. तिने आईच्या हातातल्या लाडवाकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

“ईऽऽ, हात बघा यांचे! शी!”

लाडू बाकाखाली पडला. मग कुणीच घेईना. आईने हात पदराखाली घेतले.

घरी जाताना मी रडत होते. आई म्हणाली, “जाऊ दे गो बाय. पोर ती. पोरांना काय कळतंय?” पण त्यानंतर ती कधी शाळेच्या फाटकाच्या आत आली नाही. निकालाच्या दिवशीसुद्धा रस्त्यापलीकडे उभी राहायची.

आईने जाऊ दिलं. मी नाही दिलं.

मग — इतक्या वर्षांनी — मुग्धा आपल्या मुलीचं बोट धरून माझ्या वर्गाच्या दारात आली. “अगं, तू? म्हणजे मला आता काळजीच नाही! आई कशी आहे तुझी? काय लाडू करायची गं ती, अजून चव आहे जिभेवर!”

चव? तिने तो लाडू तोंडातसुद्धा घातला नव्हता. ती सगळं विसरली असती तर मी कदाचित — नाही. कदाचित वगैरे काही नाही. मी हसले आणि म्हणाले, “आई मजेत आहे.” आणि तिच्या मुलीकडे पाहिलं. ती दाराजवळच्या कुंडीतली ओली माती चिमटीने काढून वास घेत होती.

सई. गुबगुबीत हात, मनगटाला वळी. मातीचा तास आला की कोपरापर्यंत बरबटायची. “टीचर, हा बघा बेडूक! हा त्याचा बाबा!” असा आनंद मी वर्गात दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. आणि म्हणूनच — कळतंय ना तुम्हाला? — कुठे हात घालायचा ते मला लगेच कळलं.

मी तिला कधी मारलं नाही. ओरडलेसुद्धा नाही. मी फक्त नाक मुरडायची. अगदी किंचित. आणि तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणायची, “हात दाखव, सई. शी. बघ कसे झालेत.” बाकीच्यांचे हात तसेच बरबटलेले असायचे. त्यांना मी ‘वा!’ म्हणायची. सई नळावर जायची, हात धुऊन परत यायची, तळवे पुढे करायची. तेव्हा मी म्हणायची, “गुड गर्ल.” तोवर माती उचलून ठेवलेली असायची.

रोज. न चुकता. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती टापटीप शिकवते ही मुलांना.

गणपतीपर्यंत ती एका बोटाने माती टोचून बघायला लागली. दिवाळीनंतर तेही नाही. तुसाच्या घमेल्यापाशी हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि दुसरी मुलं शंख शोधायची ते बघायची.

एक दिवस शाळा सुटल्यावर मुग्धा थांबली. “घरी हाताने जेवत नाही गं. वरणभात कालवून दिला की रडते. सारखी नळाखाली. तू काहीतरी कर ना, तुझं फार ऐकते ती.” आणि तिने सईचे हात माझ्यापुढे धरले. बोटांची टोकं लाल झाली होती. कातडी सोलून निघाली होती. असे हात मी पाहिले होते. रात्री त्यांना खोबरेल लावताना आईला पाहत मी मोठी झाले होते.

तिथे तरी थांबायला हवं होतं ना? मी म्हणाले, “काही मुलं असतातच नाजूक. खोबरेल लाव.” मुग्धाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मला थँक्यू म्हणाली. आणि मला — खोटं कशाला सांगू — बरं वाटलं. आतून, पोटातून बरं वाटलं.

वर्षअखेरीस आम्ही भिंतीवर झाड केलं. पानांच्या जागी मुलांच्या तळव्यांचे रंगीत ठसे, खाली नावं. आया आपापल्या मुलाच्या ठशापाशी उभ्या राहून फोटो काढत होत्या. मुग्धा एकेक नाव वाचत गेली. मग परत पहिल्यापासून. “सईचा कुठाय गं?”

“तिला नको होता,” मी म्हणाले. खरंच होतं ते. ती रंगाला हात लावत नव्हती.

मुग्धा पर्स छातीशी धरून बाहेर गेली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली.

त्या संध्याकाळी मी आईला सांगणार होते — फेडलं गो आई, तुझं फेडलं. ती विळीवर नारळ खवत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, “पोरं काय म्हणतायत तुझी?” मी म्हणाले, “बरी आहेत.” दुसरं काय सांगणार होते? सई चार वर्षांची होती. मुग्धा निदान दहा वर्षांची होती. आणि मी?

मागच्या रविवारी भाट्याच्या किनाऱ्यावर दोघी दिसल्या. सई आता दुसरीत आहे. मुलं ओल्या वाळूत विहिरी खणत होती. ती कोरड्या वाळूत उभी राहून बघत होती. मुग्धाने लांबून हात केला. सई वळली. मला पाहिलं. मी काहीही म्हटलं नव्हतं. ती चालत माझ्यासमोर आली आणि दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे वर. मग उलटे.

स्वच्छ होते.

“गुड गर्ल,” मी म्हणाले.