सुमनचे कान कोणी तपासलेच नाहीत

मंडळी, आज सकाळी नातीला घेऊन पालघरला स्पीच थेरपीसाठी गेले होते. तिच्या वयाची पोरं घर डोक्यावर घेतात, ही अजून बोलत नाही. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आजी, आधी कान तपासून घेऊ, मग बोलण्याचं बघू."

तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

साठच्या दशकात, आमच्या घिवली गावात, माझी धाकटी बहीण सुमनही बोलत नव्हती. भगताने शंखातलं पाणी पाजलं. मास्तरांनी सांगून टाकलं, "हिला डोकं नाही, घरीच ठेवा."

शेजारच्या काकीला कानांची शंका आली, तर आई उसळली, "माझी हाक ऐकून धावत येते. बहिरी नाय हाय ती!"

येणारच ना धावत! आम्ही कोळी माणसं. वाऱ्यातून होडीवरच्या माणसाला हाका मारायची सवय, म्हणून घरातही ओरडूनच बोलायचो. त्या हाकेचा आवाज तेवढा सुमनपर्यंत पोचायचा, शब्द नाहीत. आणि मास्तर तर हळू आवाजात बोलायचे, ते तिला ऐकूच जात नसणार. पण आधी कान बघा, असं ना मास्तरांनी म्हटलं, ना भगताने.

सुमनने जन्मभर बोंबील सुकवले. मागच्या वर्षी ती वारली, तेव्हा गावभर निरोप फिरला, "मुकी गेली." सुमन गेली असं कोणी म्हटलंच नाही.

तुमच्याही गावात अशी एखादी मुकी असेल. तिचं खरं नाव माहीत आहे तुम्हाला?